पहिला भाव

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत रायगडचा किनारा हिंडताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. कुणाच्या ओटीवर बसून शहाळं प्यायलेलं असतं, नाहीतर पडवीत गरम घावन आणि ओल्या नारळाची चटणी खाल्लेली असते. निघताना आपण विचारतो, "किती द्यायचे?" समोरची बाई पदराला हात पुसते, नजर अंगणाकडे वळवते आणि म्हणते, "द्या काय द्यायचे ते."

माझं माहेर अष्टागरातलं, म्हणजे अलिबाग तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या पट्ट्यातलं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्याकडे दारी आलेल्याला विन्मुख पाठवायची रीत नाही, त्यामुळे बरीच वर्षं मला त्यात निव्वळ अगत्य दिसायचं. पुढे कळू लागलं तसं त्यातलं दुसरंही काही जाणवायला लागलं. आपल्या हातच्या वस्तूला मोल आहे हे बोलून दाखवण्याची चोरी त्यात आहे. "भाव सांगणारी मी कोण?" हा प्रश्न त्यात दडून बसला आहे. या किनाऱ्यावरच्या बायकांना, बागायतदारांना, तरुण पोरांना काही नवं सुरू करताना मी जवळून बघत आले आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जागा, भांडवल, परवाना हे सगळं लागतंच; पण उद्योगाचं पहिलं पाऊल पडतं ते माणूस आपल्या कामाचा भाव स्वतःच्या तोंडाने सांगतो तेव्हा. त्या आकड्याच्या अलीकडे तो हौशी असतो. पलीकडे तो व्यावसायिक झालेला असतो, मग त्याचा व्यवसाय दिवसाला चार डझन मोदकांचा का असेना.

"धंदा आपल्या रक्तात नाही" हे आपण इतक्या सहज म्हणतो की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच जातं. याच किनाऱ्यावरचं चौल घ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत सेमुल्ला नावाचं बंदर येतं. ते चौलच, असं अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला तो विकायला घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. आंग्र्यांच्या काळात अलिबागी रुपया चलनात होता. इथल्या गावागावांत बेने इस्राएल कुटुंबं तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. उरण-पेणच्या मिठागरांतून मीठ बाहेर जात होतं, रेवसहून भाजी आणि फुलं मुंबईला जात होती. ज्या किनाऱ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास देवघेवीचा आहे, तिथल्या माणसाने रक्ताचं कारण पुढे करावं याला काही आधार नाही.

मग हा समज आला कुठून? मला त्याची दोन मुळं दिसतात.

पहिलं मूळ भाताच्या खाचरात आहे. जमीन खोताची, राबणारं कूळ. पिकवायचं एकाने आणि त्यातलं किती कुणाचं हे ठरवायचं दुसऱ्याने. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो १९३९पर्यंत चालला. जमिनी पडीक राहिल्या, घरात दाणा उरला नाही, तरी शेतकरी मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. या संपाकडे आपण कुळांच्या हक्काचा लढा म्हणून बघतो, आणि तो होताच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. "आमच्या घामाचा हिशेब आम्ही मांडणार" असं या मातीतल्या माणसाने तिथे जाहीरपणे म्हटलं. ज्यांच्या श्रमाचं मोल पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच केलं, त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या मालाचा भाव सांगताना जीभ जड वाटत असेल तर तो त्यांच्या मनाचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. ती सवय त्यांना लावली गेली होती.

दुसरं मूळ समोरच्या पाण्यापलीकडे आहे. रेवसहून लाँच पकडली की भाऊचा धक्का. गिरणी, गोदी, कचेरी, कुठेतरी चिकटलं की महिन्याला मनीऑर्डर. गावात उरायचे म्हातारे, बायका आणि वाडी. पुढे थळला खत कारखाना आला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रकल्प आला आणि नोकरी घराजवळ आली. नोकरीने इथली कितीतरी घरं उभी केली, मुलं शिकली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. तिला नावं ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण तिने एक माप मनात रुजवलं. पगार म्हणजे कमाई; बाकी सगळं "घरच्या घरी चाललेलं". सुपारी सोलणारी, वालाला मोड आणून बिरडं सोलणारी, आमसुलं वाळवणारी बाई दिवसभर राबूनही "काही करत नाही" या रकान्यात गेली. आणि तिनेही तो रकाना खरा मानला.

या समजाची रोजच्या बोलण्यातली रूपं तीन. अन्न विकायचं नसतं. घरचंच तर आहे. आपल्यात कुणी केलं नाही.

पहिलं रूप मला सर्वांत आदरणीय वाटतं, म्हणून त्याच्याशी वाद घालणं सर्वांत अवघड. पानावर बसलेल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा केवळ संकोच नाही, तो संस्कार आहे. किनाऱ्यावरची पोपटी आठवून बघा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावरचा भांबुर्डीचा पाला उपटायचा, मडक्याच्या तळाशी तो दाबून बसवायचा, वर शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे रचायचे आणि पुन्हा पाल्याने तोंड बंद करायचं. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही; शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. मडकं शिजलं की नाही हे वासावरून ओळखणारा एक जाणता प्रत्येक कंपूत असतो. मग पानांवर ते पालथं करायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. पोपटी कधी कुणी विकली नव्हती. ती रात्र जागवायची, मित्र गोळा करायची गोष्ट होती. आता हिवाळ्यात मुंबई-पुण्याची माणसं खास पोपटीसाठी येतात, आगाऊ सांगून ठेवतात आणि पैसे मोजतात. सुरुवातीला गावात कुरकूर झाली. पण ज्या पोरांनी ती लावायला सुरुवात केली, त्यांनी आपल्या मित्रांची पोपटी बंद केली नाही. पाहुण्याची पोपटी वेगळी, आपली वेगळी. दोन्ही एकाच शेतात लागतात. संस्कार मोडला नाही. त्याच्या शेजारी एक व्यवहार उभा राहिला. अन्न विकू नये असं मनापासून मानणाऱ्या बाईला मी हेच सांगेन. भुकेल्याला वाढायचं तुझं पान तसंच राहू दे. जो शंभर मैलांवरून सुट्टीसाठी आला आहे, ज्याने गाडीत पेट्रोल पैसे देऊनच भरलं आहे, त्याच्या पानाचा भाव सांगण्यात कसलंही पाप नाही.

दुसरं रूप अधिक फसवं. "घरचंच तर आहे, त्याचे कसले पैसे?" हे माझ्या काकूच्या घरी मी फार जवळून पाहिलं.

काकूची वाडी नागावला. घराच्या मागे नारळी, पोफळी, त्यांवर चढलेले मिरवेल, विहिरीच्या कडेला केळी. मुंबईचं एक कुटुंब ओळखीतून ओळख काढून दोन दिवस राहायला आलं. काकूने जेवायला घातलं ते आमच्याकडचं नेहमीचं: वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. निघताना त्या गृहस्थांनी पाकीट काढलं. काकू "अहो, काय हे" म्हणत आत गेली. काका वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. त्या बाई जाणत्या होत्या. त्या काकूच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही आकडा सांगितला नाहीत तर मला पुन्हा येता येणार नाही. मैत्रिणींना तर पाठवताच येणार नाही."

काकू ओट्याशी थांबली. नारळाची कवड तिच्या हातातच होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताटाचे साठ." तिचा आवाज इतका बारीक होता की त्या बाईंना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तो नीट ऐकू आला.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी आम्ही दोघी हिशेबाला बसलो. तांदूळ, गूळ, तेल, गॅस धरून काकूला ताटामागे बरी शिल्लक दिसत होती. मी विचारलं, नारळ कुठे धरलास? "घरचा." केळफूल? "घरचं." आमसूल, मिरी? "घरचं गं." मग मी विचारलं, हे नारळ तू व्यापाऱ्याला दिले असतेस तर पैसे आले असते की नाही? वालाला मोड आणून, दुपारभर बसून ते सोलायला बाई लावली असतीस तर तिची मजुरी दिली असतीस की नाही? काकू पेन हातात धरून गप्प बसली. मग तिने वहीत "घरचं" असं एक नवं सदर आखलं आणि त्याखाली आकडे लिहायला घेतले. नारळ, केळफूल, मिरी. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं, "मी." त्याच्यापुढे किती लिहावं हे तिला त्या दिवशी सुचलं नाही. जागा मोकळी ठेवली. पण त्या ओळीने मोठं काम केलं, कारण त्यानंतर प्रत्येक हिशेबात ती ओळ यायला लागली, आणि एक दिवस तिच्यापुढे आकडाही आला.

घरगुती व्यवसायाचा बहुतेक तोटा या "घरचं"मध्ये लपलेला असतो. वाडीतला नारळ फुकट नसतो आणि बाईची दुपारही फुकट नसते. जी वस्तू आपण मोजत नाही तिची किंमत शून्य धरली जाते, आणि तिच्यामागच्या माणसाचीही तीच गत होते. अलिबागचा पांढरा कांदा बघा. कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भात निघाला की त्याच ओलीवर हा कांदा लावतात. काढणीनंतर बायका पातीसकट कांदे वेणीसारखे गुंफून माळा करतात. ही गुंफण म्हणजे कसब आहे: पात वाळली पाहिजे पण तुटता कामा नये, मोठा कांदा खाली आणि लहान वर गेला पाहिजे, म्हणजे माळ टांगल्यावर टिकते. २०२२मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्याने सांगितलं की हा गोडवा या मातीचा आहे आणि हे नाव दुसऱ्या कुणी लावायचं नाही. पण मानांकनाचा कागद कांद्याचा भाव सांगत नाही. तो रस्त्याकडेला माळा मांडून बसलेल्या बाईलाच सांगावा लागतो.

तिसरं रूप, "आपल्यात कुणी केलं नाही." याला उत्तर म्हणून मी मासळीबाजाराकडे बोट दाखवते.

मुरुडचा, रेवदंड्याचा किंवा अलिबागचा बाजार सकाळी बघावा. कोळीण पाटी उतरवते, फळीवर पाणी मारते आणि वाटे लावायला घेते. बांगड्याचा वाटा, मांदेलीचा वाटा, कोलंबीचा वाटा. तराजू नाही. डोळा आणि हात हीच मापं. पाच वाटे एकसारखे दिसायला हवेत, तरी पहिल्या वाट्यावर नजर ठरेल असा एखादा मोठा नग वर यायला हवा. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ती भाव बोलते, "घे गो बाय, ताजा म्हावरा हाय," आणि भवानी झाली की नोट कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत टाकते. दिवसभरात तिचा भाव उतरतो, चढतो. भरतीओहोटी, बर्फ, समोरच्या बाईची पाटी, पावसाची लक्षणं या सगळ्यांचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. व्यवस्थापनाच्या शाळेत जे शिकवतात त्यातलं बरंच तिला रोज करावं लागतं. आणि तिला "तू उद्योजिका आहेस" म्हटलं तर ती हसेल.

तिच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, सुपारीच्या बागेत राहणाऱ्या बाईला मात्र भाव सांगताना घाम फुटतो. दोघींची बुद्धी सारखी, कष्ट सारखे, समुद्र तोच. फरक एवढाच की कोळणीची पोर आईच्या पाटीशेजारी बसून मोठी झाली. आईला भाव सांगताना, घासाघीस ऐकून घेताना, नाही म्हणताना तिने रोज पाहिलं. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये माणसाच्या स्वतःच्या सामर्थ्यावरच्या विश्वासाची जी मांडणी केली, ती इथे तंतोतंत लागू पडते. हा विश्वास मुख्यतः दोन गोष्टींतून येतो, असं त्यांचं म्हणणं: स्वतः केलेल्या कामाचा अनुभव आणि आपल्यासारख्याच कुणाला तरी ते काम करताना बघणं. दुसऱ्यांचे प्रोत्साहनाचे शब्द त्याखाली येतात. म्हणून "तू करू शकतेस" अशी भाषणं ऐकून घरी आलेली बाई सोमवारी पुन्हा तिथेच असते, आणि शेजारणीने फणसाच्या साटांची पाच पाकिटं विकलेली पाहिली की मंगळवारी तिचाही फणस सोलला जातो.

पेण तालुक्यात हे एका मोठ्या भूभागावर घडलं आहे. पेणच्या गणपतीचं नाव सर्वदूर. पेण शहरातल्या कारखान्यांत मातीकाम, रंगकाम, डोळ्यांची आखणी शिकलेल्या हातांनी पुढे आपापल्या गावांत कारखाने घातले. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात आज घरांच्या पडव्यांतून आणि ताडपत्रीच्या मांडवांतून मूर्ती रांगेने उभ्या दिसतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी पेट्यांत बंद होतात. दुसऱ्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं डोळे आखणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या ओटीवर दहा मूर्ती मांडतो, तेव्हा त्याच्या कसबात तसूभरही बदल झालेला नसतो. काल जे हात होते तेच आज आहेत. बदललेली असते ती फक्त विकणाऱ्याची जागा. आणि एका घराने ती बदलली की शेजारच्या घराला "आपल्यात कुणी केलं नाही" हे म्हणण्याची सोय उरत नाही.

दिवेआगरची कहाणीही अशीच, पण तिच्यात चढउतार फार. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणेशमुखवटा निघाला. शांत, सुपारीवर जगणाऱ्या गावात भाविकांची रीघ लागली. आलेल्यांना जेवायला हवं, झोपायला हवं. हॉटेल तर नव्हतं. मग पडव्या झाडल्या गेल्या, जादा गाद्या आल्या, घराघरांतून उकडीचे मोदक आणि साधी ताटं पाहुण्यांसमोर आली. मार्च २०१२मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. अनेकांना वाटलं, गावाचा हा नवा रोजगारही गेला. पण तोवर माणसं समुद्रासाठी, वाडीसाठी, त्या घरांतल्या जेवणासाठीही येऊ लागली होती. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी मोडून पडल्या. नवी पोफळ लावली तर तिला धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. त्यात टाळेबंदी, म्हणजे पाहुणाही नाही. त्या काळात ज्या घरांत वाडीशिवाय दुसरं काही रुजलं होतं, तिथे निदान हे माहीत होतं की रस्ते उघडले, छप्पर शाकारून झालं, की चूल पेटवून कमाई सुरू करता येते. सुपारीची वाट बघताना हातात काहीतरी असतं.

सुरुवात करणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जास्त घाबरवते: बुडालं तर? या भीतीबद्दल सरस सरस्वती या अभ्यासिकेचं काम मला फार उपयोगी वाटतं. त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक व्यवसायातले प्रश्न सोडवायला दिले आणि ते विचार कसा करतात हे टिपलं. २००१मध्ये ती मांडणी प्रसिद्ध झाली. मुरलेला उद्योजक नफ्याच्या अंदाजापासून सुरुवात करत नाही, असं त्यांना दिसलं. मी कोण आहे, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून तो निघतो. आणि किती मिळेल हे विचारण्याआधी किती गेलं तर मला सोसेल हे ठरवतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बाईला हे हिशेब उमजायला वेळ लागत नाही. दोन किलो पोहे दळून पेणसारखे पोह्याचे पापड लाटले आणि एकही विकला गेला नाही, तर ते घरातच तळून खाल्ले जातील. तेवढा तोटा सोसतो ना? मग लाटावेत. घर गहाण टाकून सुरुवात करणं याला धाडस म्हणायची पद्धत पडली आहे; मला ते शहाणपण वाटत नाही.

आणि "आम्ही अडाणी, आम्हाला कागदपत्रं कुठे कळतात" असं म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण पुरेसं आहे. माण तालुक्यातल्या बायकांसाठी चेतना गाला सिन्हा यांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका रडत बसल्या नाहीत. अक्षरं गिरवायला लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल, व्याज तोंडी काढता येतं. तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाहेरच्या माणसाने लावलेला शिक्का त्यांनी मान्य केला नाही, आणि त्यातला जो भाग खरा होता तो शिकून भरून काढला. दोन्ही गोष्टी केल्या, म्हणून जमलं.

मनातला अडसर दूर झाला की सगळं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. बाईने धंदा सुरू केला तरी घरचं पाणी, म्हाताऱ्यांची औषधं, पोरांचे डबे तिच्याच वाट्याला राहिले तर तो उद्योग तिला पिळून काढतो. घरातल्या पुरुषाने केर काढणं, गिऱ्हाइकाचा फोन घेणं, बाजार आणणं हेही त्या उद्योगाचं भांडवल आहे. बाकीच्या वाटा आता पूर्वीइतक्या बंद नाहीत. घरगुती अन्न व्यवसायाची नोंदणी थोडक्या शुल्कात होते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. राज्याच्या २०२३च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठीच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. बचत गट तर जवळपास प्रत्येक गावात आहे. पण हे सगळं दुसऱ्या पावलाला लागतं. पहिल्यासाठी बँकेत जावं लागत नाही.

आपण जे पाहुणे म्हणून किनाऱ्यावर जातो, त्यांच्याकडेही यातला एक वाटा आहे. मॉलमध्ये छापील किमतीला निमूट पैसे देणारे आपण, रस्त्याकडेच्या बाईकडे माळेमागे दहा रुपये कमी करून घेतो आणि त्याला हुशारी समजतो. मुरलेल्या कोळणीशी खुशाल घासाघीस करा, ती तुम्हाला पुरून उरेल. पण जी बाई पहिल्यांदा, खाली बघत, आकडा बोलते आहे, तिचा भाव पाडू नका. तो आकडा तिने किती दिवस मनात घोळवला आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आता राहिली ती मुलं. कोळणीच्या पोरीला धीट व्हायला कुणी शिबिराला पाठवलं नाही. आईच्या पाटीने ते काम केलं. पहिल्या भावाची मिळकत थोडी असते, कधी कधी खर्चही निघत नाही. तिचं खरं फळ घरातल्या मुलांच्या कानात साठतं. आईला स्वतःच्या कष्टाचा आकडा स्वच्छ आवाजात सांगताना ज्या मुलीने ऐकलं, तिला पुढे दुकान घालायचं असो, पगार ठरवायचा असो, की हुंडा मागणाऱ्याला दारातून परत पाठवायचं असो, आपलं मोल सांगायला ती चाचरणार नाही. पिढ्यांचा समज असा घराघरांतच उतरतो, आणि घराघरांतच तो थांबवता येतो. म्हणून ज्यांच्या मनात काही करायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: सोसेल तेवढं लहान सुरू करा, हिशेबात स्वतःची ओळ धरा, आणि भाव सांगाल तेव्हा तो मुलांसमोर, मोठ्याने सांगा.